दराऱ्याचा रेनकोट

कालव्यावरच्या पाटकऱ्याला सगळे दरारा म्हणायचे. हे नाव त्याला कुणी प्रेमाने ठेवलं नव्हतं, रागानेही नाही. त्यानेच हा शब्द दिवसातून इतक्या वेळा तोंडातून काढला की लोकांना त्याच्यासाठी दुसरं काही सुचेना. चहाच्या दुकानात बाकावर ऐसपैस बसायचा, कपात फुंकर मारायचा आणि सुरू व्हायचा, "जनावरांवर आपला दरारा आहे बघा. मी नुसता बांधावर उभा राहिलो ना, की हरणं अशी पळतात, अशी पळतात, की त्यांच्या सावल्या मागे राहतात." जो माणूस घरात झुरळ निघालं की स्टुलावर चढून बायकोला हाका मारतो, त्याने हे सांगावं म्हणजे कमालच म्हणायची. पण ऐकणाऱ्यांचं काय जात होतं? चहाबरोबर काहीतरी लागतंच.

काम मात्र तो चोख करायचा, ते नाकारून चालणार नाही. कालव्याची दारं उघडायची, ठरलेल्या शेताला ठरलेलं पाणी सोडायचं, दारं बंद करायची. मधल्या वेळात शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांमध्ये अडकलेला पालापाचोळा, बाटल्या आणि एकदा तर एक अख्खी खुर्ची उपसायची. मोठ्या दाराशेजारी त्याची एक खोली होती. खोलीत ग्रीसचा डबा, एक स्टोव्ह, लंगडं टेबल, खिळ्याला टांगलेला जाड दोर आणि दारामागे पिवळा रेनकोट. हा रेनकोट खात्याकडून दर वर्षी नवा यायचा आणि दर वर्षी दोन माणसांच्या मापाचा यायचा. दाराचं चाक फिरवलं की पाणी अंगावर उडतं, म्हणून तो बारा महिने रेनकोट घालायचा. उन्हात आतून उकडून निघायचा, पण काढायचा नाही. रेनकोटाशिवाय आपण कुणीच नाही असं त्याला वाटायचं.

आता हरणांचं सांगायला हवं. कालवा यायच्या आधी इथे नुसता माळ होता. हरणं होती, पण बरगड्या दिसणारी, कावरीबावरी. माणूस लांबून ठिपक्याएवढा दिसला तरी पसार व्हायची. मग कालवा आला, माळाचा अलीकडचा अर्धा भाग नांगरला गेला, आणि जिथे वाळकं गवत होतं तिथे गहू, मका, गाजरं आणि लुसलुशीत घास डोलायला लागला. हरणांनी विचार केला असणार, की एवढं पान वाढून ठेवलंय तर उगाच वणवण का करा? ती शेतांत राहायलाच आली. चार पिढ्यांत त्यांचा पार कायापालट झाला. अंगावर तुकतुकी आली, पोटं सुटली, दोन-दोन पाडसं व्हायला लागली. बांधावरून उडी मारायची तर आधी थांबून विचार करायची आणि मग वळसा घालून जायची. हरीण म्हणजे चपळ, हे ज्याने कुणी लिहिलं त्याने आमची हरणं पाहिलेली नाहीत.

एकटी हरणंच नाहीत. लावे मक्यात अंडी घालायला लागले, ससे गाजरांच्या शेजारी बिळं करून राहिले, आणि रानडुकरांना भिजलेल्या सऱ्या म्हणजे घरचं न्हाणीघर वाटायला लागलं. माळावरचे उंच मानेचे पक्षी मात्र निघून गेले. ते कधी गेले, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि कालव्याने आणखी एक केलं होतं. त्याचे काठ सिमेंटचे, उतरते आणि गुळगुळीत. त्यात पडलेल्या जनावराला वर येता येत नाही. ते पोहत राहतं आणि दमून बुडतं.

तो जाड दोर त्यासाठी होता. आणि दराऱ्याचं सगळ्यांत मोठं गुपित ते होतं. ज्या हरणांवर आपला दरारा आहे म्हणून तो छाती फुगवायचा, त्यांची पाडसं तो पहाटे कालव्यातून ओढून काढायचा. हे कुणाला कळलं असतं तर दुकानातल्या बाकाची रयाच गेली असती. एका पाडसाला काढताना दोराच्या फासात त्याचा कान फाटला. दराऱ्याने ते रेनकोटात गुंडाळून स्टोव्हजवळ ठेवलं आणि दिवसभर त्याची माफी मागत बसला. त्या पाडसाची आता चांगली भरलेली हरणी झाली होती. तो चाक फिरवायला लागला की ती काठावर येऊन उभी राहायची आणि काम नीट चाललंय ना, अशा नजरेने बघायची. तो तिला बाईसाहेब म्हणायचा. "झालं हं बाईसाहेब, एवढं दार उघडलं की झालं," असं तिला सांगायचा. आजूबाजूला माणूस दिसला की मात्र लगेच फावडं उगारून ओरडायचा, "हाड! चल हाड!" बाईसाहेब जागची हलायची नाही. तिला वाटायचं हा खोकतोय.

शेतकरी हरणांनी बेजार झाले होते. साधी बुजगावणी करून झाली, डबे वाजवून झाले. एक दिवस चहाच्या दुकानात दरारा म्हणाला, "तुमच्या बुजगावण्यात दम नाही. त्याला माझा रेनकोट घाला. मी आहे असं समजून जनावर फिरकणारसुद्धा नाही." त्याने जुना रेनकोट दिला. गाजरवाल्या आजींनी, म्हणजे कालव्याला लागून ज्यांचं गाजरांचं रान आहे त्या आजींनी, तो पेंढ्याच्या बुजगावण्याला चढवला. संध्याकाळी पाहतात तर सगळी हरणं त्या पिवळ्या बुजगावण्याभोवती गोल करून गप्प उभी!

"बघा! भीतीने पाय लटपटतायत त्यांचे," दरारा म्हणाला.

आजींची नजर अधू, त्यांना हे पटलं. बाकीच्यांची नजर धडधाकट होती, तरी त्यांनाही पटलं. मग काय, ज्याला त्याला दराऱ्याचा जुना रेनकोट हवा. खोलीतल्या खोक्यात इतक्या वर्षांचे साठले होते, ते सगळे गेले. रानात जिकडे पाहावं तिकडे पिवळे दरारे हात पसरून उभे. आणि पिकांची नासाडी थांबायची सोडून वाढतच गेली.

शेवटी पाणी संस्थेची बैठक झाली. संस्थेचा अध्यक्ष म्हणजे दराऱ्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी ताईच्या मागे लपणारा, आता खुर्चीत बसला की ताठ व्हायचा. त्याने टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "येत्या शनिवारी परवानावाला शिकारी येतोय. आपल्या शेतांत जेवढी हरणं दिसतील तेवढी तो टिपणार. बास झाले लाड!"

दराऱ्याच्या डोळ्यांसमोर फाटक्या कानाची बाईसाहेब आली. गोळी म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने शिकाऱ्याच्या बंदुकीची नळीसुद्धा हुंगून बघितली असती. आणि त्याचं तोंड नेहमीप्रमाणे डोक्याच्या आधी उघडलं.

"शिकारी कशाला? मी आहे ना! शनिवारच्या आत एकूण एक हरीण कालव्यापलीकडच्या माळावर हाकलून देतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहुणा म्हणाला, "बघा हं दाजी. नाही जमलं तर मला काही बोलू नका."

तो बाहेर पडला आणि मग त्याला घाम फुटला. हरणं कशी हाकलतात, याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती. विचार करकरून त्याने एक डाव रचला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आजींच्या गाजरांत शिरला, बुजगावणं उपटून बांधाआड टाकलं आणि त्याच्या जागी स्वतः उभा राहिला. दोन्ही बाह्यांमधून आडवी काठी घातली, टोपी नाकापर्यंत ओढली. बेत असा की हरणं अगदी जवळ आली की बुजगावण्याने अचानक डरकाळी फोडायची. बुजगावणंच जिवंत झालं म्हटल्यावर ती हाय खातील आणि पुन्हा या रानाचं नाव काढणार नाहीत.

आधी आल्या आजी. त्यांनी जेवणाचा डबा सवयीने बुजगावण्याच्या हातावर अडकवला आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तू बरा बाबा," त्या बुजगावण्याला म्हणाल्या. "निदान गप्प तरी उभा राहतोस. तो मूळचा मेला नुसता तोंडाची वाफ दवडतो. काल म्हणे मी हाकलतो! त्याला स्वतःच्या डोक्यावरची माशी हाकलता येत नाही. त्या बाईने कसा संसार केला, तिचं तिला माहीत."

मग त्यांनी रेनकोटाचा घोळ उचलून त्याला खसाखसा नाक पुसलं आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेल्या. दराऱ्याच्या डोक्यावर खरोखरच माशी बसली होती. हातात काठी आणि डबा, करणार काय?

थोड्या वेळाने हरणं आली. सावकाश, गप्पा मारत फिरायला निघाल्यासारखी. त्याच्याभोवती गोल केला आणि त्यातली निम्मी चक्क खाली बसली. दराऱ्याने श्वास भरून घेतला, डरकाळीसाठी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात एका दांडग्या नराने आडव्या काठीच्या टोकावर शिंगं घासायला सुरुवात केली. दरारा तिरका झाला. डरकाळीच्या जागी "ऊंक" असा काहीतरी आवाज आला. एका हरणाने कान हलवला, तेवढाच काय तो परिणाम. एक लावा त्याच्या बुटांमधून पिल्लं घेऊन गेला. मग बाईसाहेब आली, तिने त्याच्या खिशात तोंड घातलं, तिथे काही नाही म्हणून नाराज झाली आणि शेजारी उभी राहिली.

आणि तिरक्या मानेने बघता बघता दराऱ्याच्या लक्षात आलं की ही सगळी एकदा त्याच्याकडे बघतायत, एकदा कोरड्या चारीकडे बघतायत आणि पुन्हा त्याच्याकडे. दुकान उघडायची वाट बघणारी गिऱ्हाईकं असतात ना, तशी.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं पिवळा रेनकोट जिथे गेला, तिथे पाणी गेलं. जिथे पाणी गेलं, तिथे कोवळे कोंब फुटले. हरणांना आईच्या पोटातून बाहेर पडल्यापासून एवढंच ठाऊक होतं, की पिवळं दिसलं म्हणजे जेवण येणार! आणि त्याने आपल्या हाताने रानारानात रेनकोट वाटले होते. बुजगावणी कसली, आमंत्रणं होती ती.

आजी परत आल्या. हरणं जेमतेम दोन पावलं सरकली. आजींनी डबा काढून घेतला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, बुजगावण्याला घाम आलाय! पाऊस येणार बहुतेक." आणि लगबगीने घरी गेल्या.

दरारा घरी पोचला तेव्हा बायको मटार सोलत होती. त्याने सगळं भडाभडा सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायचं थांबलात तर मी बोलणार ना. आणि त्या दोराला हरणाचे केस असतात, ते काय मला दिसत नाहीत?"

दरारा खुर्चीत कोसळला. "आता एकच उपाय आहे. मी पुढे चालायचं, म्हणजे ती मागून येतील. पण लोक बघतील गं. इतकी वर्षं मी सांगत आलो की मला बघून ती पळतात. माझी काय शोभा होईल!"

"होईल तर होईल," ती म्हणाली. "हसण्याने कुणी मरत नाही. गोळीने मरतात." आणि मटारांची टोपली त्याच्या पुढ्यात सरकवली.

त्याने मटार सोलता सोलता होकार दिला.

मग नवरा-बायको कामाला लागले. मेहुण्याला बहिणीने सांगितलं, त्यामुळे तो नाही म्हणू शकला नाही: कालव्याच्या शेवटच्या दाराचं जादा पाणी, जे नाहीतरी ओढ्यात वाया जात होतं, ते पलीकडच्या माळावर सोडलं. शनिवार उजाडेपर्यंत तिकडे हिरवी लव दिसायला लागली होती. शुक्रवारी दोघांनी फिरून सगळ्या बुजगावण्यांचे रेनकोट उतरवले. उघडीनागडी पेंढ्याची माणसं लाजून उभी राहिली.

शनिवारी सकाळी कालव्याच्या पुलावर हीऽऽ गर्दी. शिकारी घडीच्या खुर्चीत बसून उकडलेलं अंडं सोलत होता. मेहुणा फाटकाशी उभा. पलीकडून जनावर येऊ नये म्हणून पुलावर लोखंडी फाटक होतं, पण ट्रॅक्टरच्या सोयीसाठी ते सताड उघडं असायचं.

आणि रस्त्याच्या वळणावरून दरारा आला. पिवळा रेनकोट, खांद्यावर फावडं, नजर नाकासमोर. त्याच्या मागे बाईसाहेब. तिच्या मागे दांडगा नर, मग माद्या, पाडसं, सगळं खटलं ओळीने. सगळ्यांत मागे एक रानडुक्कर, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

क्षणभर कुणाला काही समजेना. मग चहाच्या दुकानदाराने विचारलं, "काय दरारा, हरणांच्या सावल्या कुठे राहिल्या?" आणि जो हशा उसळला म्हणता! माणसं कठड्याला धरून हसत होती. मेहुणा अध्यक्षपण विसरून जमिनीवर बसला. आजी आधी हसल्या, मग एकाएकी थांबल्या. "म्हणजे त्या दिवशी घाम आला होता तो... अगं बाई! नाकसुद्धा पुसलं की गं मी!"

शिकारी अंडं हातात धरून बघत राहिला. "रांगेत चालणाऱ्या जनावरावर मी गोळी झाडत नाही," तो म्हणाला. "पण एकही इकडे परत आलं तर मी माझं काम करणार. त्यासाठीच बोलावलंय मला."

दरारा कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता, पण थांबला नाही. पूल ओलांडला आणि माळावर बराच आत गेला. तिथे त्याने रेनकोट काढला आणि फावडं जमिनीत रोवून त्यावर चढवला. हरणं रेनकोटाभोवती पसरली. माना खाली घातल्या आणि कोवळ्या लवेवर तुटून पडली. कुणी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. बिनरेनकोटाचा, मळक्या बनियनमधला दरारा एकटा परत निघाला. चला, सुटलो, असं त्याला वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पूल ओलांडून तो अलीकडे आला, मेहुण्याने फाटक लावलं आणि सगळ्यांचं हसणं हळूहळू थांबलं.

पलीकडच्या काठावर बाईसाहेब उभी होती. तिने रेनकोट तिथेच सोडला होता आणि माणसाच्या मागे आली होती. फाटक बंद दिसल्यावर ती गोंधळली, काठाकाठाने इकडेतिकडे गेली, मग गुळगुळीत सिमेंटच्या अगदी कडेला येऊन थांबली. तिने पुढचे पाय जुळवले. ती उडी मारणार होती. आमची हरणं ती, साधा बांध ओलांडायलाही विचार करणारी. हा कालवा तिला कसला झेपतोय. आणि समजा झेपला, तर इकडे बंदूक होती.

"नको," दरारा पुटपुटला. "बाईसाहेब, नको."

तिने कान टवकारले. आपल्यालाच बोलावतोय असं तिला वाटलं आणि ती आणखी पुढे सरकली.

तेव्हा दराऱ्याने खाली वाकून ढेकूळ उचललं. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो आम्ही कधी ऐकला नव्हता. त्याच्या बायकोनेही नाही. "हाऽऽड! चल नीघ! नीघ इथून!" ढेकूळ तिच्या पायांशी फुटलं. ती दचकली, पण गेली नाही. त्याने दुसरं उचललं आणि या वेळी नेम धरून मारलं. ते तिच्या खांद्यावर बसलं. ती अशी उसळली, अशी सुटली, की माळावर नुसती धुळीची रेघ दिसली. अंगावर एवढं मांस असून तिला इतकं पळता येतं, हे कुणाला माहीत नव्हतं.

पुलावर टाळ्या पडल्या. "वा रे दरारा! हा खरा दरारा!" मेहुण्याने पाठीवर थाप मारली. शिकाऱ्याने खुर्चीची घडी घातली. दरारा तिसरं ढेकूळ हातात घेऊन तसाच उभा होता. बायकोने त्याच्या मुठीतून ते काढून घेतलं आणि त्याला घरी नेलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

आता तो दर काही दिवसांनी शेवटचं दार उघडून माळाला पाणी देतो. खात्याकडून नवा रेनकोट आलाय, नेहमीसारखाच दोन माणसांच्या मापाचा. तो घालून चाकाला हात लावला की हरणं जमतात, गोल करतात, बसतात. फाटक्या कानाची एक हरणी मात्र लांब टेकाडापाशी उभी असते. तो तिच्या बाजूला नुसता वळला, तरी अशी पळते, अशी पळते, की तिची सावली मागे राहते. चहाच्या दुकानात लोक ती गोष्ट त्याच्याकडे पुन्हा पुन्हा मागतात. तो कपात फुंकर मारत बसतो आणि विषय बदलतो.